एक रात्र, सकाळी दहापर्यंत

पाटी लाकडी, अक्षरं पांढरी:
एक रात्र. पैसे नाहीत. बाहेर विस्तव नको.
सकाळी दहाच्या आत निघावे.
खाली कुणीतरी खिळ्याने कोरलंय, आभारी आहे.

कुमुदिनी दोनदा वाचते, मग चष्मा पुसून पुन्हा.
"फुकट? यात काहीतरी मेख असणार."
ती माझी जाऊ. एकतीस वर्षांत
तिने मला फुकट दिलेली गोष्ट एकच, सल्ला.

व्हॅन पूर्वी पावाची होती.
पत्रा तापला की अजून आंबवल्याचा वास येतो,
मागच्या दारावर अर्धवट खरवडलेली गव्हाची कणसं.
नवरे दोघे लूटनला, एकाच सोफ्यावर.
फ्रीजमध्ये चार दिवसांची आमटी, डब्यांवर वार लिहून.

राखणदार सायकलवरून येतो. आयव्हर गॉट्स,
गमबुटांवर गुडघ्यापर्यंत नॉरफकची खाडी.
पैसे घेत नाही. कुमुदिनीने पुढे केलेला लाडू घेतो,
हुंगतो, खिशात ठेवतो,
आणि पत्र्याच्या डब्यातली वही दाखवतो.
काय दिसलं ते लिहा, म्हणतो. एवढंच.

"बघ," ती म्हणते, "होती ना मेख!"

बाबांचा हिशोब सोपा होता:
तिथीला तिनाने गुणा, चाराने भागा,
भरतीची वेळ हातात.
दाभोळला बरोबर यायची.
आज षष्ठी. म्हणजे साडेचारला खाडी तुडुंब हवी.
साडेचारला इथे पाणी निघून चाललंय,
पाहुणे निघतात तसं,
दारात थांबून, पुन्हा बोलत, चपला शोधत.
मागे चिखल, तिरप्या उन्हात पितळी परातीसारखा,
आणि कुशीवर कलंडलेली एक होडी.

आयव्हरला विचारलं. भरती मध्यरात्री, म्हणाला.
म्हणजे साडेसात तासांचा फरक.
तेवढा कायमचा धरून चालायचा, बस.

रात्री कुमुदिनी मला हलवते.
"पाणी आलं. आपण तरंगणार."
दार सरकवून बसलो दोघी, एका रजईत,
चंद्र केव्हाच मावळलेला.
भरतीला आवाज नव्हता. नुसताच कुठे कुठे
चिखल ओठ उघडल्यासारखा पुटपुटायचा,
आणि काळोखात एखादा पक्षी जागा बदलायचा, कुरकुरत.

मग ती म्हणाली, खाडीकडेच बघत,
"सासूबाईंची मोत्याची कुडी. मी घासत होते,
सिंकमधून गेली.
तुझ्यावर आलं, तेव्हा मी गप्प बसले."

बॅटरीचा उजेड मी खुंटांवर धरला होता.
तीन बुडाले होते.
चौथ्याचं डोकं वर होतं.
त्या कुडीपायी मी एक अख्खी दिवाळी
माजघरातल्या, म्हणजे लूटनच्या मागल्या खोलीतल्या,
कपड्यांच्या ढिगाशी बसून काढली होती.
"थंडी वाजतेय का तुला?" मी विचारलं.
ती नाही म्हणाली. रजई मात्र ओढून घेतली,
माझ्या बाजूची.

चौथाही बुडाला.

सकाळी वहीत मी मराठीत लिहिलं,
आयव्हर काय ते बघून घेईल:
टिटव्या अकरा. बगळे दोन.
तुतवार मोजता आले नाहीत, धीर धरत नाहीत.
कलहंसांची एक रांग, मध्येच तुटलेली,
पुन्हा जोडली गेली ती आमच्या डोक्यावर.
वाकड्या चोचीचा एक, नाव माहीत नाही,
चिखलात काहीतरी हरवल्यासारखा शोधत होता.

पावणेदहा. "चल, जाऊ?" कुमुदिनीने विचारलं
आणि स्वतःशीच हसली.
पाणी पुन्हा आत येत होतं, होडी सरळ होत होती.
मी किल्ली फिरवली.
आरशात दिसलं: ती डब्याशी वाकली,
इकडे तिकडे पाहिलं,
पाच पौंडांची नोट घडी करून वहीत सरकवली
आणि झाकण घट्ट लावलं.

ते मी लिहिलेलं नाही.